‘एवढंही माहीत नाही?’

पी.एल. म्हणजे काय चीज असते हे होस्टेलवाल्यांना सांगायला नको. रात्रीचा दीड वाजलेला, मेसचा भात कधीच जिरून गेलेला, आणि टपरी बंद. अशा वेळी एकच गोष्ट जागी असते – वर्गाचा डाऊट्सचा ग्रुप. अडुसष्ट जणांचा आमचा ग्रुप. सिनिअर्सनी दिलेल्या नोट्स, मागच्या पाच वर्षांचे पेपर, कुणाच्या तरी वहीचे तिरके फोटो आणि अधूनमधून खराखुरा प्रश्न.

गेल्या वर्षी, आम्ही टी.ई.ला असताना, अशाच एका रात्री एक प्रश्न आला. मराठीतून. ‘घर्षण एरियावर अवलंबून नसतं असं आपण शिकलो, मग रेसिंगच्या गाडीचे टायर एवढे रुंद का असतात?’

प्रश्न विचारणारा आमच्याच विंगमधला. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गाव मराठवाड्यातलं. लेथवर त्याचा हात बसलेला बघून वर्कशॉपमधले मामासुद्धा बाजूला उभे राहतात. पण इंग्रजीतून बोलायची वेळ आली की हा आधी खिडकीकडे बघतो.

उत्तर यायला दहा सेकंदही लागले नाहीत. म्हणजे उत्तर नव्हे, हसरे चेहरे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे ते पिवळे चेहरे ओळीनं पडत गेले. मग एकानं लिहिलं, ‘भावा, अकरावीचं पुस्तक उघड.’ दुसरा, ‘एवढंही माहीत नाही? डिप्लोमात काय केलं?’ तिसऱ्यानं गॅदरिंगच्या फोटोतला त्याचा चेहरा कापून त्याचं स्टिकर बनवलं, खाली लिहिलं ‘टायर शास्त्रज्ञ’. रात्री दीड वाजता एवढी कार्यक्षमता! सबमिशनला कुठे जाते कोण जाणे.

त्या पिवळ्या चेहऱ्यांत एक माझा होता. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं लिहायचा मला काही अधिकार नाही.

तो पाच मिनिटांनी म्हणाला, ‘ओके. समजलं. थँक्स.’ त्याला काय समजलं होतं ते आम्हाला चांगलं समजत होतं. त्यानंतर त्या ग्रुपवर त्याचा एकही शब्द आला नाही.

आता प्रश्नाकडे या. मेकॅनिकलवाल्यांनो, खरं सांगा, त्या रात्री तुमच्यापैकी किती जणांना उत्तर येत होतं? मला येत नव्हतं. घर्षण वरवरच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं हा नियम गीयोम आमोंतों या फ्रेंच माणसानं १६९९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. त्याच्या आधी लिओनार्दो दा व्हिंचीच्या वह्यांत तो सापडतो, पण त्या वह्या कुणी वाचल्या नव्हत्या. गंमत अशी की अकादमीतल्या विद्वानांनाही हे क्षेत्रफळाचं प्रकरण चटकन पटलं नाही. त्यांच्यातल्याच एकानं पुन्हा प्रयोग करून पाहिले, मग कुठे मान डोलावली. म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या विद्वानांना जी शंका आली, तीच आमच्या मित्राला बी विंगमध्ये आली. त्यांचं स्टिकर कुणी केलं नाही, एवढाच फरक.

नियम का खरा आहे हे कळायला तर आणखी अडीचशे वर्षं गेली. केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर यांनी दाखवून दिलं की कितीही गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात ते फक्त काही उंचवट्यांच्या टोकांवर. वजन वाढवलं की ती टोकं चेपतात आणि खरा स्पर्श वाढतो. ठोकळा आडवा ठेवा नाहीतर उभा, खरा स्पर्श वजनावर ठरतो. त्यांचं पुस्तक १९५० सालचं. आणि रबर? रबराच्या बाबतीत हा नियम नीट लागूच पडत नाही! दाब वाढला की रबराचा घर्षणगुणक कमी होतो. शिवाय रुंद टायरमध्ये उष्णता आणि झीज जास्त जागेवर वाटली जाते. म्हणजे मित्रानं नियमाला बरोबर जिथे भोक आहे तिथेच बोट घातलं होतं. ‘अकरावीचं पुस्तक उघड’ म्हणणाऱ्यानं अकरावीचं पुस्तक उघडलं असतं तर त्यात हे सापडलंच नसतं.

हे मी कुठून शोधलं? दोन महिन्यांनी, अपराधी वाटायला लागल्यावर. का वाटायला लागलं, ते सांगतो.

ग्रुपवर चिडवाचिडवी झाल्यावर त्यानं ग्रुप म्यूट केला. साहजिक आहे. आमच्याकडे मात्र डाऊट, नोटिसा, ‘कुणाचं कॅल्सी राहिलंय’, वाढदिवस आणि ओरलचं टाइमटेबल सगळं त्या एकाच ग्रुपवर. शुक्रवारची ओरल गुरुवारवर आली. एक्स्टर्नलना शुक्रवारी दुसरीकडे जायचं होतं. सी.आर.नं रात्री अकराला ग्रुपवर टाकलं. सदुसष्ट जणांनी बघितलं. गुरुवारी सकाळी आम्ही विंगमधून बाहेर पडलो तेव्हा त्याची खोली बंद होती. आम्हाला वाटलं पुढे गेला असेल. तो लायब्ररीत बसून शुक्रवारच्या ओरलची तयारी करत होता.

गैरहजर. के.टी. पुढच्या सहामाहीत पुन्हा फॉर्म, पुन्हा फी. घरी फोन करून सांगताना तो जिन्यात उभा होता. मी वरून येत होतो, मला बघून त्यानं आवाज बारीक केला. ‘नाही आप्पा, तब्येत बरी नव्हती,’ असं तो म्हणत होता.

आता कुणी म्हणेल, यात ग्रुपचा काय दोष? म्यूट त्यानंच केलं ना! मलाही आधी तसंच वाटलं. खूप सोयीचं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ज्या खोलीत गेल्यावर लोक आपल्या थोबाडाचं स्टिकर दाखवतात, त्या खोलीत नोटीस बघायला रोज जायचं, ही अट आपण त्याला घातली होती. आपल्यावर ती अट नव्हती.

आपण एकमेकांना टोपणनावं ठेवतो, टप्पल मारतो, यातलं काहीच नको असं मी म्हणत नाहीये. होस्टेल आहे, आश्रम नाही. पण खोलीत चौघांत केलेली थट्टा आणि अडुसष्ट जणांपुढे केलेली थट्टा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खोलीत समोरच्याचा चेहरा दिसतो. लागलं तर आपण गप्प होतो, चहा पाजतो, विषय संपतो. ग्रुपवर चेहराच दिसत नाही. आणि तिथे थट्टा संपत नाही, राहते. स्टिकर तर अजून फिरतंय. परवा दुसऱ्या ब्रँचच्या पोरानं कुठल्याशा क्रिकेटच्या चर्चेत टाकलं. त्याला हा मुलगा कोण हेही माहीत नाही.

हसतात कुणावर, हेही एकदा ग्रुप वर सरकवून बघा. टॉपरनं एकदा विचारलं होतं, ‘असाइनमेंट तीनमध्ये किती प्रश्न आहेत?’ अरे, कागद हातात असेल तर मोज ना! पण चौघांनी सभ्यपणे उत्तर दिलं. तोच प्रश्न डिप्लोमावाल्यानं विचारला असता तर? आमच्या हसण्याचा संबंध प्रश्न किती सोपा आहे याच्याशी कमी आणि विचारणारा कोण आहे याच्याशी जास्त आहे. मराठीतून विचारलं की प्रश्न बाळबोध वाटतो. इंग्रजी चुकलं तर आधी स्पेलिंग दुरुस्त होतं, मग प्रश्न विसरला जातो. एकीकडे ए.आय.सी.टी.ई. २०२१ पासून मराठीतून इंजिनीअरिंग शिकवायला परवानगी देते, आणि दुसरीकडे आम्ही ‘ऊर्जा’ लिहिलं की हसतो.

पण मराठीवाले बिचारे आणि बाकीचे दुष्ट, असंही चित्र नाही बरं का. आमच्याच वर्गात काश्मीरहून स्कॉलरशिपवर आलेले दोघं आहेत, एक बिहारचा आहे. आमची ग्रुपवरची निम्मी चर्चा मराठीत, आणि उरलेली पु.लं.च्या पात्रांच्या हवाल्यानं. ते विचारतात, ‘भाई, क्या फायनल हुआ?’ आणि कुणीही उत्तर देत नाही. मुद्दाम नाही, आळस. पण पलीकडच्याला मुद्दाम आणि आळस सारखाच दिसतो.

मुलींचं आणखी वेगळं. वर्गात सात जणी. त्या ग्रुपवर जवळजवळ काहीच विचारत नाहीत आणि आम्ही गृहीत धरून चाललो होतो की त्यांचा अभ्यास झालेला असतो! मॅगझिनसाठी लिहितोय म्हणून एकीला विचारलं. ती म्हणाली, ‘ग्रुपवर एक डाऊट टाकला की रात्रीतून तीन जणांचे पर्सनलवर मेसेज. पहिला डाऊटबद्दल, दुसरा जेवलीस का. नंबर सगळ्यांना दिसतो ना.’ मी म्हटलं, नावं सांग. ती म्हणाली, ‘सांगून काय करणार? तू पण त्यांच्याबरोबरच जेवतोस.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही. ग्रुपवर खरोखर वैतागवाडी असते. ‘कुणीतरी युनिट फोर टाका रे’ हे दिवसातून सहा वेळा. वर शोधायचं नाही, पुस्तक उघडायचं नाही, गणिताचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं ‘अर्जंट’. जे चार-पाच जण मनापासून उत्तरं देतात त्यांचाही अभ्यास असतो. त्यांनी चिडू नये असं म्हणणं म्हणजे अतीच. संगणकवाल्यांत तर यावर एक प्रसिद्ध लेखच आहे. एरिक रेमंड यांनी २००१ साली लिहिला – प्रश्न हुशारीनं कसे विचारावेत. आधी स्वतः शोधा, काय करून पाहिलं ते सांगा, नेमकं विचारा. सगळं पटण्यासारखं. पण पुढे झालं असं की तो लेख शिकवायला कमी आणि नवख्याच्या डोक्यात हाणायला जास्त वापरला गेला.

आणि ज्यांनी हाणलं त्यांच्यावरच पुढे विचार करायची वेळ आली, हे महत्त्वाचं. लिनक्स बनवणारे लिनस टोरवाल्ड्स सहकाऱ्यांच्या चुकांवर जाहीर शिव्या देण्यासाठी कित्येक वर्षं (कु)प्रसिद्ध होते, आणि ‘कोड चांगला हवा तर असंच पाहिजे’ असं त्यांचे चाहते म्हणायचे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच आपलं वागणं चुकल्याचं लिहिलं, माफी मागितली, काही आठवडे कामातून बाजूला झाले आणि परत आले. लिनक्स बंद पडलं का? त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टॅक ओव्हरफ्लोनं, जिथून आपण सगळे कोड उचलतो तिथल्या लोकांनी, कबूल केलं की नवीन माणसाला, बायकांना आणि इतर बऱ्याच जणांना इथे आपण नकोसे आहोत असं वाटतं. ज्यांचा धंदाच प्रश्नोत्तरांचा, त्यांना हे म्हणावं लागलं.

उलटं उदाहरण मला जास्त आवडतं. फील्ड्स पदक मिळवलेले केंब्रिजचे गणिती टिमथी गॉवर्स यांनी जानेवारी २००९ मध्ये विचारलं की एखादा अवघड गणिती प्रश्न शेकडो माणसांनी मिळून, उघड्यावर चर्चा करत सोडवता येईल का? सुरू करण्यापूर्वी त्यांनी काही नियम घातले. त्यात एक असा की बावळट वाटणाऱ्या कल्पनाही चालतील. दुसऱ्याची कल्पना का चुकते हे दिसलं तर सभ्यपणे सांगा, आणि आपली चुकली असं कुणी दाखवलं तर राग धरू नका. साधारण पाच आठवड्यांत सत्तावीस जणांनी आठशेच्या आसपास टिपणं लिहिली, आणि प्रश्न सुटल्यात जमा झाला. त्यांत टेरेन्स टाओसारखे दिग्गज होते तसे एक शाळाशिक्षकही होते. पेपर छापला गेला तो कुणा एकाच्या नावानं नाही, ‘डी. एच. जे. पॉलिमॅथ’ या सामाईक टोपणनावानं. आता बघा, जगातली सर्वांत हुशार माणसं एकत्र येतात तेव्हा त्यांना आधी काय ठरवावं लागतं, तर चुकीचं बोलायची मुभा. आणि आपण? चार युनिटं आणि एक ओरल, तरी आमचा तोरा काय!

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण ‘मस्करी होती सर’ हे वाक्य आपल्याकडे पासपोर्टसारखं वापरतात. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा, यू.जी.सी.चे नियम २००९ चे. २०१६ मध्ये त्या नियमांत भर पडली – जात, धर्म, रंग, लिंग यांच्याबरोबरच भाषा, प्रदेश, गाव, दिसणं आणि आर्थिक परिस्थिती यांवरून केलेला छळही रॅगिंगच. २०२५ मध्ये तर ज्युनिअर्सना त्रास द्यायला बनवलेल्या फोनवरच्या खासगी ग्रुपबद्दलही यू.जी.सी.नं कॉलेजांना बजावलं. पण खरं सांगू? तक्रार करायला आमचा मित्र कधीच गेला नसता. एका स्टिकरसाठी कमिटीपुढे कोण उभा राहतो? म्हणून कायदा असला तरी बराचसा भार आपल्यावरच येतो.

या सहामाहीत आम्ही थोडं काही करून बघितलं. सगळ्यात आधी नोटिसांचा ग्रुप वेगळा केला, तिथे फक्त सी.आर. आणि सर लिहू शकतात. (हे सेकंड इयरलाच सुचायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम!) डाऊट्सच्या ग्रुपवर असं ठरवलं की उत्तर येत असेल तर लिहायचं, नसेल तर गप्प बसायचं, प्रश्नावर हसरा चेहरा टाकायचा नाही. भाषा कुठलीही चालेल, पण ठरलेली गोष्ट शेवटी एका ओळीत हिंदीत किंवा इंग्रजीत लिहायची. डाऊटवरून कुणाच्या पर्सनलवर जायचं नाही. आणि विचारणाऱ्यानं कुठपर्यंत जमलं, कुठे अडलं, एवढं सांगायचं. शिवाय मेसच्या दाराशी सुतळीनं पेन बांधून एक वही ठेवली. नाव न लिहिता डाऊट लिहा, ज्याला येतं तो खाली उत्तर लिहील.

चाललं का? वही फार चालली. पहिल्या आठवड्यात पेन चोरीला गेलं आणि एका पानावर मेसच्या पोळीवर शेर लिहिला गेला, पण डाऊट भरपूर आले, आणि असे की जे ग्रुपवर कधीच आले नसते. ‘टॉर्क आणि मोमेंट एकच का?’ हे बी.ई.च्या वहीत! आणि खाली तीन वेगवेगळी उत्तरं, एकमेकांशी भांडणारी. ग्रुपचं मात्र मिश्र. तिसऱ्याच दिवशी कुणीतरी जुनं स्टिकर टाकलं. त्याला एक दिवसासाठी काढलं तर तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही, आणि दोघं म्हणाले की आता ग्रुप शाळेसारखा झालाय. असेल. मला पटत नाही, पण त्यांचं म्हणणं इथे नोंदवतो.

सर आणि मॅडम, हे मासिक स्टाफरूममध्येही येतं म्हणून एक विनंती, लहान तोंडी मोठा घास. ग्रुपवर कुणी विचारलं आणि तुमचं उत्तर ‘हे वर्गात झालंय’ एवढंच आलं, की त्या क्षणी बाकीच्या सगळ्यांना हसायचा परवाना मिळतो. झालंय हे खरं असतं. नुसता पान नंबर दिलात तरी चालेल. टायरचा तो प्रश्न नंतर मी लॅबमध्ये एका सरांना विचारला, तेव्हा त्यांनी खडू उचलला आणि पंधरा मिनिटं फळ्यावर उंचवटे काढत बसले. म्हणाले, ‘छान प्रश्न आहे, कुणाला सुचला?’ मी नाव सांगितलं. एवढं एक तरी बरोबर केलं.

मित्राची माफी मागितली मी. तो म्हणाला, ‘जाऊ दे रे, तू एकटाच होतास का?’ यावर बरं वाटावं की वाईट ते मला ठरवता आलं नाही. के.टी. त्यानं काढली. ग्रुपवर तो आहे, वाचतो, लिहीत नाही. डाऊट असला की रात्री माझ्या खोलीत येतो.

परवा आला. म्हणाला, ‘स्टीम टर्बाइनच्या लांब ब्लेडला पीळ असतो, आखूड ब्लेडला का नसतो?’ मला येईना. मी म्हटलं, ग्रुपवर टाक, आता कुणी हसत नाही. तो म्हणाला, ‘तू टाक. तुझ्या नावानं.’

टाकला. चार मिनिटांत टॉपरनं व्हेलॉसिटी ट्रँगल काढून फोटो पाठवला – मुळाशी आणि टोकाशी ब्लेडचा वेग वेगळा, म्हणून कोनही वेगळा लागतो. आखूड ब्लेडमध्ये फरक इतका कमी की सरळ ठेवलं तरी चालतं. खाली दुसऱ्यानं लिहिलं, ‘भारी डाऊट, भावा.’ मी फोन मित्राच्या हातात दिला. त्यानं आकृती मोठी करून नीट पाहिली, वहीत उतरवून घेतली. मग वर जाऊन पुन्हा ते ‘भारी डाऊट, भावा’ वाचलं आणि फोन मला परत दिला.

– बी.ई. (मेकॅनिकल), बी विंग